केबलवरचे दर्शन

स्थानिक केबल वाहिनी म्हणजे एका शहरापुरती, कधी चार पेठांपुरतीच चालणारी दूरचित्रवाणी. १९८०च्या दशकात मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये एका व्हीसीआरला अनेक घरांचे टीव्ही जोडून सिनेमे दाखवले जात. १९९१च्या आखाती युद्धानंतर गच्च्यांवर डिश आल्या. केबलवाल्याने कंट्रोल रूममध्ये मॉड्युलेटर बसवला की रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर त्याची स्वतःची वाहिनी सुरू होई. महाराष्ट्रात तिच्यावर सिनेमे, गावच्या बातम्या आणि त्यांच्या जोडीने सप्ताहातली कीर्तने, ग्रामदेवतेची पालखी, गणेश विसर्जन दिसू लागले. त्यातून प्रश्न उभा राहिला: घरी बसून घेतलेले दर्शन हे दर्शन आहे का?

वारकऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. पंढरपुरात पदस्पर्शदर्शन आहे, मुखदर्शन आहे, आणि गर्दीत तेही न जमल्यास नामदेव पायरीला हात लावून, कळसाला हात जोडून वारी पुरी मानणारे असंख्य आहेत. चोखोबांना तर देवळात प्रवेशच नव्हता. त्यांची समाधी महाद्वारासमोर, बाहेरच आहे. दलितांसाठी मंदिर उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. अंतरामुळे दर्शन बाद होते असे म्हटले, तर चोखोबांची भक्ती अपुरी ठरवावी लागेल. ते कोणताही वारकरी मान्य करणार नाही.

तरीही एक आक्षेप उरतो, आणि तो खरा आहे. कळसाला हात जोडणारा तिथवर चालत आलेला असतो. कीर्तनातही श्रोता नुसता ऐकत नाही; बुवा थांबतात तिथे त्याला ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणून साथ द्यायची असते. नवविधा भक्तीत श्रवण पहिले आहे खरे, पण टीव्हीपुढे भाजी निवडताना ते सहज कानाआड होते.

स्थानिक वाहिनीने हे अंतर बरेच कमी केले होते. पडद्यावरचा वीणेकरी ओळखीचा असे. पालखी मारुतीच्या पारापाशी आल्याचे दिसले की बाया पाण्याचा तांब्या आणि निरांजन घेऊन दारात येत. आरती गल्लीतल्या सगळ्या घरांत एकाच वेळी चाले. देऊळ घरात येण्यापेक्षा मांडव घरापर्यंत वाढला, असे म्हणणे अधिक योग्य.

२०११च्या कायदादुरुस्तीने डिजिटल केबल सक्तीची झाली: मुंबईत २०१२, पुणे-नागपूर-नाशकात २०१३, आणि उरलेल्या भागासाठी शेवटची मुदत मार्च २०१७. सिग्नल आता मोठ्या कंपनीच्या केंद्रातून कूटबद्ध होऊन सेट-टॉप बॉक्सकडे येऊ लागला. मधेच आपली वाहिनी घालण्याची केबलवाल्याची सोय गेली. त्या केंद्रातून जागा मिळवणे लहान वाहिन्यांना परवडेना. त्याच सुमारास मोबाइलवर स्वस्त डेटा आला, आणि अनेक वाहिन्या बंद पडल्या.

दर्शन थांबले नाही. मोठ्या देवस्थानांच्या आरत्या फोनवर दिसतात, काकडा दुपारीही लावता येतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ते पुरेसे मानलेच पाहिजे. पण एकाच घरात ते ज्याच्या त्याच्या पडद्यावर, वेगवेगळ्या वेळी घडते, आणि शेजारच्या घरी आरती चालू आहे हे कुणाला कळत नाही.