हातचे राखून

‘हातचे राखणे’ या मराठी शब्दप्रयोगाला दोन छटा आहेत. संसारात हातचे राखणारा माणूस शहाणा ठरतो. दानात, मैत्रीत किंवा कलेत तसे वागणाऱ्याविषयी मात्र मन साशंक होते. एकाच कृतीला एकीकडे विवेक आणि दुसरीकडे कृपणता म्हणण्यामागचे तत्त्व कोणते? अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलने हा प्रश्न ठळकपणे समोर आणला आहे.

तेथील एन.बी.ए. स्पर्धेच्या नियमित हंगामात संघाला साधारणतः ८२ सामने खेळावे लागतात. विजेतेपदाचा निर्णय मात्र त्यानंतरच्या बाद फेऱ्यांत होतो. २०१७-१८ च्या हंगामात क्लीव्हलँडचा लेब्रॉन जेम्स ३३ वर्षांचा झाला आणि कारकिर्दीत प्रथमच सर्व ८२ सामने खेळला. त्याचे आक्रमण निस्तेज झाले नव्हते. परंतु बचावासाठी परतताना त्याची पावले अनेकदा रेंगाळत. उतरत्या वयातील हा खेळाडू निर्णायक सामन्यांसाठी शक्ती राखून ठेवतो आहे, असा अर्थ जाणकारांनी काढला. पुढे २५ एप्रिल २०१८ रोजी इंडियानाविरुद्धच्या पाचव्या सामन्यात, बरोबरी असताना, त्याने अखेरच्या क्षणांत प्रतिस्पर्ध्याचा फटका मागून येऊन अडवला आणि लगेच दुसऱ्या टोकाला विजयी तीन गुण मिळवले. तो अडथळा नियमबाह्य होता, हे संयोजकांनी नंतर मान्य केले. पण त्यामागची धाव खरी होती. राखलेले बळ कशासाठी होते, हे त्या धावेने सांगितले.

म्हणून प्रश्न सुटतो असे नाही. केलेला गुण खेळाडूच्या नावावर नोंदला जातो. बचावात पडलेली फट कोणाच्याच नावावर नसते. एक जण जागेवर थांबला की त्याचा प्रतिस्पर्धी रोखण्यासाठी दुसऱ्याला आपली जागा सोडून धावावे लागते. म्हणजे ही बचत केवळ स्वतःच्या श्रमांची नसते. तिचा काही भार सहकाऱ्यांच्या पायांवर पडतो. संघ २०१८ च्या अंतिम फेरीत पोहोचला, तेव्हा सहकाऱ्यांचे हे ऋण काही अंशी फिटले, असे म्हणता येईल. परंतु हिवाळ्यातील एकाच सामन्याचे तिकीट काढलेल्या प्रेक्षकाचे ऋण कोण फेडणार?

२०१२ मध्ये सॅन अँटोनिओ संघाने आपले प्रमुख खेळाडू मायामीतील सामन्याआधी घरी पाठवले, तेव्हा संघाला अडीच लाख डॉलर दंड झाला. २०२३-२४ पासून प्रमुख वैयक्तिक पुरस्कारांसाठी सामान्यतः किमान ६५ सामने खेळण्याची अट आली. नियम उपस्थिती मोजू शकतो. त्या उपस्थितीत किती निष्ठा ओतली, हे मोजणे त्याला अवघड जाते. जेथे नियमाचा हात पोहोचत नाही, तेथूनच नीतीचा प्रांत सुरू होतो.

वार्धक्याकडे झुकलेल्या शरीराने प्रत्येक रात्री सर्वस्व द्यावे, ही मागणी निर्दय आहे. शक्ती मर्यादित झाली की निवड अटळ ठरते, आणि निवड करणारा तेवढ्याने दोषी होत नाही. दोष तेव्हा निर्माण होतो, जेव्हा आपल्या बचतीची किंमत कोण मोजतो आहे याचे भान सुटते. हातचे राखणाऱ्याने ते कोणाच्या हातचे राखले, हे स्वतःला विचारले पाहिजे. विवेक आणि कृपणता यांतील सीमारेषा या प्रश्नाच्या प्रामाणिक उत्तरातच सापडते.