दोन नाणी, एक विहीर

कल्याणच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत कापणीचा सण अजून पाळला जातो. मंडळीतल्या बहुतेक घरांचे शेताशी नाते दोन पिढ्यांपूर्वीच तुटले, तरी उपासना संपली की आवारात टेबले मांडली जातात आणि अर्पणात आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. नारळ, दुधी, घरचे लोणचे, तांदळाची पिशवी, एखादी पाय बांधलेली कोंबडी. दोन वर्षांपूर्वी एका आजींनी रुमालात बांधून मूठभर हिरव्या मिरच्या आणल्या होत्या. चाळीच्या गॅलरीत तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेल्या रोपाच्या. बोली वीस रुपयांवर सुरू झाली. ज्याने घेतल्या त्याने पैसे भरून मिरच्या पुन्हा टेबलावर ठेवल्या, दुसऱ्याने घेतल्या आणि त्यानेही परत ठेवल्या. त्या मिरच्या तीनदा विकल्या गेल्या.

लिलाव संपल्यावर एक पाहुणे वक्ते उभे राहिले आणि म्हणाले, पाहा, देवाला मूठभर दिले की देव पोतेभर परत करतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी आजींकडे पाहत होतो. त्यांच्या हातात काहीच परत आले नव्हते. त्या रिकाम्या रुमालाची घडी घालत होत्या आणि त्यांचा चेहरा कमालीचा प्रसन्न होता. काही परत येईल या हिशेबाने त्या आल्याच नव्हत्या, हे त्या चेहऱ्यावरून कळत होते.

दान आणि देवावरचा भरवसा यांविषयी आज मंडळ्यांतून जे शिकवले जाते, त्यातले बरेचसे त्या वक्त्यांच्या वाक्यासारखे असते. दशमांश द्या, आशीर्वाद मिळेल. आज पेरा, उद्या शंभरपट कापा. यात देव हा चांगला परतावा देणारा, ठेवी घेणारा संस्थाचालक होतो आणि भक्त हा गुंतवणूकदार. मला ही शिकवणीची मोडतोड वाटते. ख्रिस्ती परंपरेत भरवसा आणि औदार्य यांची गाठ आहेच, पण ती वेगळ्या ठिकाणी मारलेली आहे.

या विषयावर हमखास सांगितली जाणारी गोष्ट घेऊ. मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येशू मंदिराच्या दानपेटीसमोर बसलेला आहे. श्रीमंत लोक भरपूर टाकतात. एक गरीब विधवा दोन लहान नाणी टाकते, आणि येशू म्हणतो की तिचे दान सर्वांहून मोठे, कारण तिने आपली सगळी उपजीविका दिली. अर्पणाची थैली फिरवण्यापूर्वी ही गोष्ट वाचली जाते आणि तिथेच थांबवली जाते. पण याच अध्यायात, या गोष्टीच्या अगदी आधी, विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवर येशूने कडक शब्दांत टीका केली आहे. आणि पुढचा अध्याय उघडतो तो हे मंदिर पुरते कोसळेल या भाकिताने. ही तीन दृश्ये सलग वाचली की कळते, विधवेच्या भरवशाचे कौतुक करणाऱ्या येशूला तिच्यावर ही वेळ आणणाऱ्यांचा रागही आहे. तिचे दान तिचा मोठेपणा सांगते आणि भोवतालच्यांवर आरोपही ठेवते. गरिबाला ‘देव पाहून घेईल’ असे सांगून आपण मोकळे व्हावे, यासाठी ही गोष्ट लिहिलेली नाही.

विधवांच्या गिळलेल्या घरांचा अर्थ महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंइतका कुणाला कळला असेल? आमच्या कल्याण जंक्शनवरून कर्जतकडे वळणारी गाडी बोरघाट चढून पुण्याला जाते, आणि पुणे-दौंड मार्गावर केडगाव लागते. तिथे रमाबाईंचे मुक्ती मिशन आजही उभे आहे. देव पुरवतो म्हणजे काय, याचा इतका खडतर अभ्यास मराठी भाषेत दुसऱ्या कुणी केलेला मला माहीत नाही.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान, पुराणिक. घरातला पैसा तीर्थयात्रा, अनुष्ठाने आणि दानधर्म यांत गेला. देव प्रसन्न होईल आणि सांभाळेल, ही त्या घराची श्रद्धा होती. मग 1870 च्या दशकातला दुष्काळ आला. दागिने गेले, भांडी गेली. रानातला पाला खाऊन दिवस काढावे लागले. आधी वडील, मग आई, मग बहीण, असे एकामागून एक गेले. उरलेली रमा आणि भाऊ श्रीनिवास देशभर पायी हिंडले. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरायला काही नव्हते, तेव्हा या भावंडांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले आणि अंगावर वाळू ओढून रात्र काढली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

म्हणजे ‘सर्व काही द्या, देव पाहून घेईल’ या वाक्याचा शेवट कसा होऊ शकतो, हे या बाईंनी सोळा-सतरा वर्षांच्या वयात पाहिले होते. पुढे लग्नानंतर दोन वर्षांतच वैधव्य आले, कडेवर लहानगी मुलगी मनोरमा होती. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अशा अनुभवातून गेलेल्या माणसाने पुन्हा कधी ‘देव पुरवील’ असे म्हणू नये, हेच स्वाभाविक होते. रमाबाईंनी ते म्हटले, आणि आयुष्य त्यावर उभे केले.

1889 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याला हलवलेल्या त्यांच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या संस्थेला अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा आधार होता. तो करार दहा वर्षांचा. मुदत संपत आली असताना त्यांच्या वाचनात ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र आले. एकाही माणसापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या बळावर म्यूलर यांनी हजारो अनाथ मुले वाढवली होती. याच सुमारास, 1896-97 मध्ये, मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिथे गेल्या आणि उपाशी मुली, बालविधवा यांना शेकड्यांनी घेऊन आल्या. हातात निश्चित उत्पन्न काही नव्हते. पुण्यात प्लेगमुळे इतक्या मुली ठेवता येईनात, म्हणून त्यांना केडगावच्या जमिनीवर नेले. 1900 च्या गुजरातमधल्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आता त्या भरवशाचे रूप पाहा. केडगावची जमीन कोरडवाहू. रमाबाईंनी प्रार्थना केली आणि विहिरी खणवल्या. शेती केली, फळबाग लावली, हातमाग बसवले, तेलाचा घाणा घातला, छापखाना उभारला आणि त्यावर मुलींना काम शिकवले. अंध मुलींना ब्रेल शिकवली. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी सोप्या मराठीत केलेला बायबलचा अनुवाद याच छापखान्यात मुक्तीच्या बायकांच्या हातून छापला गेला. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, आणि पूर्ण ग्रंथ त्यानंतर बाहेर पडला. मुक्तीचे वार्तापत्र निघे, त्यातून आश्रमाचे वर्तमान देणगीदारांपर्यंत जाई. म्यूलरदेखील पै-पैचा हिशेब छापत. प्रार्थना, कुदळ आणि हिशेबाची वही, या तिन्हींना त्यांच्या श्रद्धेत जागा होती.

तरुणपणी जिने ऊब मिळावी म्हणून स्वतःसाठी वाळूत खड्डा खणला, तिने मोठेपणी दुसऱ्यांसाठी विहीर खणली. माझ्या मते ख्रिस्ती औदार्याची सगळी शिकवण या दोन खणण्यांच्या मध्ये आहे. झेलमच्या काठी त्या दोन भावंडांना देवाने का सांभाळले नाही, असा प्रश्न विचारला, तर मला त्याचे एक अस्वस्थ करणारे उत्तर दिसते. त्या वाटेवर कुणाच्या तरी घराचे दार उघडायला हवे होते, ते उघडले नाही. देव पुरवतो ते आकाशातून क्वचित. बहुतेक वेळा तो दारातून पुरवतो. दार बंद राहिले तर भुकेल्याचा भरवसा खोटा ठरत नाही, दाराआडच्याचा ठरतो. याकोबाच्या पत्रात हेच रोखठोक सांगितले आहे. उघड्या आणि उपाशी भावाला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावणारा विश्वास तिथे निर्जीव मानला आहे.

ही दाराची गोष्ट आमच्या या मुलुखात फार जुनी आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या सोनाराने दिलेल्या पाण्याच्या पोढीचा, म्हणजे खडकात खोदलेल्या टाक्याचा, लेख आहे. भिक्षेवर जगणारे भिक्खू आणि त्यांच्या तहानेची काळजी वाहणारा कल्याणकर, अशी ती जोडी. 1321 मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात उतरले. मालमत्ता न ठेवण्याचे व्रत घेतलेल्या पंथाचे ते लोक. त्यांना आसरा मिळाला तो ठाण्यात आधीपासून राहणाऱ्या एका नेस्टोरियन ख्रिस्ती घरात. पुढे ते चौघे इथेच मारले गेले. त्यांच्या निर्धनतेचे व्रत इतिहासात नोंदले गेले, आणि ते घर मात्र विसरले गेले. पण त्या घराशिवाय त्या व्रताला एक रात्रही काढता आली नसती.

औदार्याचा भार कुणाच्या खांद्यावर पडतो, हा प्रश्नही टाळता येत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि देवाच्या भरवशावर ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समूह सुरू केला. त्याआधीही त्यांच्या हातात पैसा टिकत नसे, घरात येणाऱ्या-राहणाऱ्यांना मोजमाप नसे. त्या घरातली चूल त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी चालवली, आणि तो अनुभव त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त कसलीही कटुता न ठेवता लिहिला. टिळकांचा मोठेपणा मान्य करूनच म्हणावेसे वाटते की भरवशाचे व्रत एकाने घ्यायचे आणि त्याची पोटापाण्याची चिंता दुसरीने वाहायची, हे योग्य नाही. मी माझ्या उद्याबद्दल देवावर भरवसा ठेवावा. माझ्या पोरांच्या, शेजाऱ्याच्या, कामवाल्या मावशींच्या उद्याबद्दल मात्र मी कामाला लागावे. भरवसा हा स्वतःला घालून घ्यायचा नेम आहे. दुसऱ्याला तो उपदेश म्हणून देता येत नाही.

मग साठवायचेच नाही का? कल्याण-डोंबिवलीतला चाकरमाना, ज्याच्या डोक्यावर घराचे हप्ते आहेत, मुलांची फी आहे, आईचे औषधपाणी आहे, तो हे विचारणारच, आणि त्याने विचारावे. बायबलमध्ये याचे उत्तर कोठारांच्या दोन गोष्टींत आहे. एक कोठार योसेफाचे. सुकाळाच्या सात वर्षांत त्याने मिसर देशात धान्य भरून ठेवले आणि दुष्काळात ते लोकांसाठी उघडले. दुसरे कोठार येशूच्या दृष्टांतातल्या श्रीमंत शेतकऱ्याचे. जुनी कोठारे पाडून मोठी बांधीन आणि निवांत खाईन-पिईन, असे तो स्वतःशीच बोलतो, आणि त्याच रात्री मरतो. साठवण दोघांनीही केली. एकाच्या कोठाराला बाहेर उघडणारे दार होते. दुसऱ्याच्या सगळ्या बोलण्यात ‘मी’ आणि ‘माझे’ यांखेरीज माणूसच नाही. रानात इस्राएल लोकांना देवाकडून मिळालेल्या मान्ना या अन्नाचेही तसेच. रोज गरजेपुरता गोळा करायचा, हावेने ठेवलेला रात्रीत किडत असे. पण विसाव्याच्या दिवसासाठी आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितले होते, आणि तो किडला नाही. तरतूद करणे हे पाप नाही. किती झाले म्हणजे पुरे, हे कधीच न ठरवणे, ही खरी भीती आहे.

ते ‘पुरे’ ठरवायची एक साधी रीत मी कल्याणातच पाहिली. सिरो-मलबार ख्रिस्ती लोकांचा कल्याण धर्मप्रांत 1988 मध्ये स्थापन झाला. नोकरीधंद्यासाठी इथे आलेली मल्याळी कुटुंबे आमच्या इमारतीतही आहेत. त्यांच्याकडे पिडियरीची जुनी चाल आहे. पिडियरी म्हणजे मूठभर तांदूळ. भाताचे आधण ठेवण्यापूर्वी मोजून घेतलेल्या तांदळातून एक मूठ गरिबांसाठी वेगळ्या डब्यात टाकायची. शेजारच्या काकूंना मी हे करताना पाहिले आहे. उरलेल्या भातातून त्या देत नाहीत, शिजायच्या आधी काढून ठेवतात. घरातल्यांना एक मूठ कमी पडेल की नाही, हा विचार त्या क्षणी मागे सारावा लागतो. देवावरचा भरवसा एवढाच असतो, एका मुठीएवढा, आणि तो रोज नव्याने ठेवावा लागतो.

त्या मिरच्यांच्या लिलावानंतर काही महिन्यांनी मंडळीच्या मदत समितीत मला काम मिळाले. खजिनदारांनी यादी हातात दिली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना दर महिन्याला शिधा पोचवायचा होता, आणि त्यासाठीची रक्कम बव्हंशी कापणीच्या लिलावातून येत असे. यादीत सातवे नाव त्या आजींचे होते.

वक्त्यांचे वाक्य मला तेव्हा पुन्हा आठवले. देव परत देतो हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण ते आपोआप घडत नाही. कुणाला तरी मिरच्या विकत घेऊन परत ठेवाव्या लागतात, कुणाला तरी यादी करावी लागते, आणि पाच किलो तांदूळ, डाळ, तेल भरलेली पिशवी उचलून चाळीचे तीन जिने चढावे लागतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आजींनी पिशवी आत ठेवली, गॅलरीत गेल्या, आणि परतताना माझ्या हातावर चार मिरच्या ठेवल्या. मी नको म्हणालो नाही.