लख्ख आठवतं, म्हणून खरं?



सत्संग आटोपल्यावर चहा घेताना जी बोलणी होतात, त्यात एक वाक्य आम्ही फार वेळा ऐकलं आहे. “तो चक्क खोटं बोलतोय, मला सगळं लख्ख आठवतंय!” कधी भावाबद्दल, कधी जावेबद्दल, कधी पोटच्या मुलाबद्दल. यातला दुसरा भाग बहुतेक वेळा खराच असतो, बोलणाऱ्याला खरोखर लख्ख आठवत असतं. अडचण पहिल्या भागाची आहे. आपल्याला एक आठवतं, समोरच्याला दुसरंच आठवतं, एवढ्यावरून त्याला खोटारडा म्हणायचा अधिकार आपल्याला येतो का?

आमच्या माहितीतल्या एका घरात दोन जावांमध्ये सात-आठ वर्षं बोलणं नाही. कारण सासूबाईंच्या पाटल्या. थोरली म्हणते, “आईंनी माझ्या हाताला धरून सांगितलं, या तुझ्या.” धाकटी म्हणते, “मी तिथेच बसले होते, आई माझ्याकडे बघून म्हणाल्या.” दोघीही गुरूंची शपथ घेतात. आणि आम्ही दोघींना ओळखतो. दोघीही शपथेवर खोटं बोलणाऱ्या नाहीत. मग?

आपली समजूत अशी असते की आठवण म्हणजे मोबाइलमधला फोटो. काढला, ठेवला, हवा तेव्हा उघडून पाहिला, जसाच्या तसा. मेंदूत असं काही होत नाही. डोळ्यांना दिसलेलं, कानांनी ऐकलेलं, तेव्हाची भीती किंवा आनंद, यांच्या खुणा मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत राहतात. कानाच्या आतल्या बाजूला खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहानसा भाग असतो, तो या खुणांची मोट बांधतो. आठवायचं म्हणजे ही मोट पुन्हा बांधायची. बांधताना एखादा तुकडा सापडला नाही तर मन तिथे रिकामी जागा ठेवत नाही. नंतर कानावर आलेलं, आपल्याला वाटणारं, “असंच झालं असणार” असं काहीतरी तिथे बसवून मोकळं होतं. आपल्याला त्याचा पत्तासुद्धा लागत नाही. आणि असं जोडून बांधलेलं जे, तेच पुढच्या वेळी आठवण म्हणून वर येतं. त्यामुळे एखादी गोष्ट आपण वर्षानुवर्षं रागाने सांगत आलो असू, तर आपल्याला पुष्कळदा मूळ प्रसंगापेक्षा आपलं सांगणंच जास्त आठवत असतं.

हे नुसतं बोलणं नाही, याचा एक प्रयोग झालेला आहे. 28 जानेवारी 1986 ला अमेरिकेचं ‘चॅलेंजर’ अवकाशयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत आकाशातच फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञांनी एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कोणी सांगितली, तेव्हा तुम्ही काय करत होता. सुमारे अडीच वर्षांनी त्यांनी आणि निकोल हार्श यांनी त्यातल्या 44 जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. 11 जणांचं सगळंच्या सगळं चुकलं, बाकीच्यांतही पुष्कळांचं बरंचसं. पण बहुतेकांना आपल्या आठवणीची खात्री होती! नंतर त्यांच्याच हातचे जुने कागद त्यांच्यापुढे ठेवले, तरी मूळ आठवण काही परत आली नाही. अक्षर माझं आहे पण असं घडलं नव्हतं, असं म्हणण्यापर्यंत गोष्ट गेली. यांना कोणाच्या पाटल्या मिळवायच्या नव्हत्या हो. खोटं बोलून काही पदरात पडणार नव्हतं.

तेव्हा खात्री वाटणं वेगळं आणि खरं असणं वेगळं. आम्हाला यात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं.

आपल्या परंपरेने हे फार आधी ओळखलं होतं. वेद शेकडो वर्षं मुखोद्गत ठेवले गेले, याचा आपण अभिमान बाळगतो. पण ते कसे ठेवले हे पाहिलंत का? नुसतं पाठ करून भागवलं नाही. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीती बसवल्या, शब्द सुटे करून, जोडीजोडीने, उलटसुलट म्हणून घ्यायचे. एका रीतीत चूक शिरली तर दुसरीत ती उघडी पडावी. म्हणजे ज्यांचा सगळा भार स्मरणशक्तीवर होता, त्यांनीच तिच्यावर डोळे झाकून विश्वास टाकला नाही. उलट आपल्या घरांतल्या गोष्टी पाहा. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या कितीतरी कुटुंबांत ‘आपले पूर्वज इकडे कसे आले’ याची कथा असते, आणि चार भावांच्या चार शाखांत तिचे चार प्रकार असतात. एकीत पणजोबा घोड्यावरून येतात, दुसरीत बैलगाडीतून. तिथे आपण हसतो. पाटल्यांच्या वेळी मात्र हसू येत नाही.

बरं, माणूस विसरतो का, हेही पाहू. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि 1885 साली ते छापले. त्याला दिसलं की विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सगळ्यात जास्त असतो. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून अधिक निसटतं, मग वेग मंदावतो. जे पुन्हा पुन्हा घोळवलं जातं ते टिकतं. म्हणून तर ज्या आजोबांना सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही, ते पावकी, निमकी, अडीचकी न अडखळता म्हणून दाखवतात.

विसरणं हा नुसता दोषही नाही. रशियात एक वार्ताहर होता, शेरेशेव्हस्की, त्याचा अभ्यास अलेक्झांडर लुरिया यांनी कित्येक वर्षं केला. या माणसाला विसरताच येत नसे. नको असलेल्या गोष्टी कागदावर लिहून ते कागद जाळूनही त्याने पाहिले! तपशिलांची एवढी गर्दी की गोष्टीचा सारांशच हाती लागू नये. गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत स्मृती आणि ज्ञान आपल्यापासून येतात म्हणतात, आणि त्याच दमात त्यांचं जाणंही आपल्यापासूनच, असं सांगतात. आणि दुसऱ्या अध्यायात स्मृती बिघडण्याची जी साखळी आहे, तिच्यात आधी क्रोध येतो. रागाच्या भरात “मला लख्ख आठवतंय” म्हणताना हे ध्यानात असलेलं बरं.

आता कोणी म्हणेल, मग काय, सगळ्यांचं सगळं माफ? नाही. सोयीस्कर विसरणंही असतं, आणि ते आपण सगळे ओळखतो. पैसे दिलेल्याला तारीख आठवते, घेतलेल्याला रक्कमही नाही. याला स्मृतीचा दोष म्हणून पांघरूण घालायला आम्ही तयार नाही. घेतानाच वहीत लिहून ठेवलं असतं तर विसरायची सोय राहिली नसती. तसंच ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला त्याला “जाऊ दे, विसरून जा” म्हणणं हेही आम्हाला पटत नाही. हुकमावर कोणी विसरत नाही. पुष्कळदा हा सल्ला देणाऱ्यालाच तो विषय मिटायला हवा असतो.

आणि “आई मुद्दाम विसरते” हे वाक्य. अल्झायमरसारख्या आजारात हिप्पोकॅम्पसला लवकर धक्का बसतो. नवं काही धरून ठेवता येत नाही, जुनं बराच काळ राहतं. तीच गोष्ट दहादा विचारते ती मुद्दाम नव्हे, तिच्या लेखी ती पहिल्यांदाच विचारत असते. डॉक्टरांना जरूर दाखवा. पण पाहुण्यांदेखत “ओळख बघू, मी कोण?” अशी परीक्षा घेऊ नका. नाव आठवलं नाही तरी अपमान कळतो.

या महिन्यात एक करून बघा. घरातला एखादा जुना प्रसंग घ्या, एखादं लग्न, मुंज, घर बदललं तो दिवस. घरातल्या प्रत्येकाने दुसऱ्याला न विचारता दहा-बारा ओळी लिहायच्या. मग सगळ्यांनी एकत्र बसून वाचायच्या. ग्रुपवर टाकू नका, घरातच ठेवा.