हजर, सर!

ज्याने जन्मभर गणित शिकवले, त्याने बाजारात हिशेबासाठी खिशातून मोबाईल काढू नये. हॉटेलवाल्याने दुसऱ्याच्या हॉटेलात जाऊन तर्रीपोहे खावेत, डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरकडून सुई टोचून घ्यावी, त्याने कुणाची अब्रू जात नाही. पण गणिताच्या मास्तरने भर कॉटन मार्केटात अडीच डझन संत्र्यांचा हिशेब यंत्राला विचारणे म्हणजे भटजीने संकल्पासाठी यजमानाला तिथी विचारण्यासारखे आहे. मागच्या हिवाळ्यात माझ्यावर तो प्रसंग आला.

संत्री होती ८५ रुपये डझन. मी अडीच डझन घेतली आणि माझा हात, माझी परवानगी न घेता, खिशात गेला. मोबाईल निघाला. कपाळावरचा चष्मा नाकावर आला. मोबाईलने अंगठा मागितला, मी दिला. पण त्याला संत्र्याचा रस लागलेला, त्यामुळे मोबाईल मला ओळख देईना. मी अंगठा धोतराला, म्हणजे पँटला, पुसतो आहे तोवर संत्रेवाली म्हणाली, "दोनशे साडेबारा झाले, काकाजी. वरचे आठ आणे राहू द्या."

तिने हे दुसऱ्या गिऱ्हाइकाची पिशवी भरता भरता सांगितले. मग माझ्याकडे जरा निरखून पाहत म्हणाली, "काय करता जी तुम्ही?"

"शिक्षक होतो."

"कायचे?"

"मराठीचा," मी म्हणालो.

"मंग ठीक आहे," ती म्हणाली.

३४ वर्षे मुलांना 'खोटे बोलू नये' म्हणून सांगितले, आणि निवृत्तीनंतर असे सहज, चाल न चुकता बोलून गेलो. घरी येईस्तोवर मला संत्र्यांच्या ओझ्यापेक्षा त्या एका शब्दाचे ओझे जास्त झाले.

आता याचा सगळा दोष मोबाईलवर ढकलावा, असे मला वाटले नाही असे नाही. पण तसे करायला तोंड नव्हते. आमचे वडील पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी अशा पायऱ्या चढत थेट औटकीपर्यंत पोचलेले. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. मी अडीचकीवर दम सोडला तेव्हा त्यांनी माझ्याकडे, हे पोर आता कुठेतरी हमाली करणार, अशा नजरेने पाहिले. तीच नजर मी पुढे कॅल्क्युलेटरचे घड्याळ मनगटाला बांधून वर्गात आलेल्या एका मुलाकडे टाकली. तो मुलगा आता मोठा इंजिनिअर आहे आणि स्वतःच्या मुलाच्या टॅबकडे बघून तीच नजर टाकतो, असे ऐकतो.

आणि ही परंपरा औटकीहून जुनी आहे. सुमारे २४०० वर्षांपूर्वी सॉक्रेटिसची तक्रार चक्क लिहिण्याबद्दल होती. माणसे अक्षरांवर विसंबतील, आठवण ठेवणे सोडतील, आणि शहाणे न होता शहाण्यासारखे दिसतील, अशा अर्थाची एक इजिप्तच्या राजाची गोष्ट तो सांगतो. हे आपल्याला कळते ते त्याच्या शिष्याने, प्लेटोने, ते लिहून ठेवले म्हणून! तेव्हा नवे यंत्र आले की डोके गेले, असे म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांच्या रांगेत उभे राहायचे तर रांग फार लांब आहे, आणि माझे गुडघे दुखतात.

तरी एक गोष्ट मनात कुसळासारखी रुतून आहे. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नात आली. तिला अजब बंगल्यात नेले. आमचे हे संग्रहालय १८६३ सालचे. नागपूरच्या दर पिढीने आजोबांचे बोट धरून ते पाहिले आहे. नातीने मात्र बोट धरले नाही, कारण तिच्या दोन्ही हातांत फोन होता. तिने प्राणी, पक्षी, शस्त्रे, मूर्ती सगळ्यांचे फोटो काढले. रात्री आजीने विचारले, "काय काय पाहिलंस गं?" तर म्हणते, "थांब, फोनमध्ये बघून सांगते!"

आम्ही हसलो. पुढे वाचनात आले की लिंडा हेंकेल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी हाच प्रयोग केला आणि २०१४ साली छापला. विद्यार्थ्यांना कलासंग्रहालयात नेले. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या पाहायला. दुसऱ्या दिवशी विचारले तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. पण गंमत पुढेच आहे. ज्या वस्तूचा एखादाच भाग कॅमेऱ्याने जवळ आणून टिपला होता, ती नुसत्या पाहिलेल्या वस्तूइतकीच लक्षात राहिली होती. म्हणजे कॅमेरा तोच, डोके तेच. फरक एवढाच की तिथे माणूस जरा थांबला होता.

थांबणे! हा शब्द वाचला आणि मला २०२० साल आठवले, कारण त्या वर्षी न थांबण्याचा गुन्हा विद्यार्थ्यांनी नव्हे, मी केला होता.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि जूनअखेर, विदर्भातल्या शाळा उघडण्याच्या सुमाराला, आमची शाळा माझ्या जेवणाच्या टेबलावर भरू लागली. साखरेच्या डब्याला पंचांग टेकवून त्यावर सूनबाईंनी मोबाईल उभा केला. समोर नववीचा वर्ग म्हणजे ४६ काळे चौकोन. पहिला अख्खा तास मी आवाज बंद ठेवून शिकवला. तास संपल्यावर एका मुलीने लिहिले, 'सर, ऐकू येत नव्हतं.' मी विचारले, आधी का नाही सांगितले? उत्तर आले, 'सर, तुम्ही छान शिकवत होता.'

वर्गात मी कसा शिकवत होतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. मी कपाळे वाचत होतो. "कळलं का?" विचारले की मुले "हो सर" म्हणणारच. ते सौजन्य झाले. पण कपाळाला सौजन्य जमत नाही. तिसऱ्या बाकावर आठी दिसली की मी आपोआप थांबायचो, मागे जायचो, दुसरे उदाहरण घ्यायचो. काळ्या चौकोनाला कपाळ नसते. त्यामुळे मी थांबेनासा झालो. दोन चलांतील रेषीय समीकरणे, ज्यांना एरवी तीन आठवडे लागत, ती मी आठ दिवसांत उडवली. पोर्शन महिनाभर आधी संपला. मुख्याध्यापकांनी अभिनंदन केले, आणि मी ते घेतलेही!

त्या ४६ चौकोनांपैकी एक फार इमानदार होता. ठोक्याला आठ वाजता त्याचा संदेश यायचा : 'हजर सर.' एकही दिवस खाडा नाही. मात्र एकदा ऐन समीकरणात कुठूनसा खणखणीत आवाज आला, "वांगे घ्याऽ, सांबार घ्याऽ!" (सांबार म्हणजे आमच्या नागपुरात कोथिंबीर. त्यात इडली बुडवत नाहीत.) दारावर भाजीवाला आला असेल म्हणून मी सगळ्यांचे आवाज बंद करून टाकले.

शाळा पुन्हा उघडल्यावर तो इमानदार मुलगा वडिलांना घेऊन भेटायला आला. वडील हात जोडून म्हणाले, "सर, माफी मांगाले आलो. हजेरी मीच लावत होतो."

घरात फोन एकच. त्यांची ऑटोरिक्षा टाळेबंदीत बंद पडलेली, म्हणून ते हातगाडीवर भाजी विकत, आणि गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी फोनवर येत. फोन घरी ठेवला तर चूल बंद, बरोबर नेला तर शाळा बंद. मग त्यांनी तोड काढली. फोन शर्टाच्या खिशात, माझा तास चालू, आणि गाडी गल्लीतून पुढे.

"पण मग याला काय कळणार?" मी विचारले.

"मी सांगत होतो नं जी, संध्याकाळी. पण मले फळा दिसत नोहता. तुम्ही म्हणत होते, एक्सची किंमत इकडे ठेवा, वायची किंमत काढा. किंमत म्हटलं की मले वाटे भाजीचंच चालू आहे. पण किलोची का पावाची, काही सांगत नोहते. मंग आम्ही दोघं पुस्तक घेऊन बसत होतो, सर काय म्हणत असतीन ते शोधाले. कधी कधी अकरा वाजत. हा म्हणे, बाबा समजलं, मी म्हणो, मले समजव."

मी मुलाला फळ्यावर एक समीकरण दिले. त्याने सोडवले. मग मी विचारले नसताना पडताळाही घेतला. ज्यांनी माझा तास नीट पाहिला-ऐकला होता, अशा कित्येकांना तो घेता आला नाही.

त्या दिवसापासून मी एक कोडे सोडवतो आहे. हजेरीपटात त्या मुलाला मी काय लावायला हवे होते? मुलगा गैरहजर, बाप हजर. आणि मी? मी तर रोज वेळेवर, इस्त्रीचा शर्ट घालून, साखरेच्या डब्यासमोर होतो. पण ज्याला काही कळले नाही त्याच्यासाठी जो थांबला, तो मास्तर असे धरले, तर त्या वर्षी त्या वर्गाचा एक मास्तर हातगाडी ढकलत होता.

म्हणून यंत्राला मी शिव्या देत नाही. तो मास्तर त्या फोनवरच तर तास ऐकत होता. त्याच २०२० साली, पुस्तकात क्यूआर कोड आणणारे परितेवाडीचे डिसले गुरुजी जगातले उत्तम शिक्षक ठरले आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. यंत्रही त्यांच्या हातात होते आणि भागाकारही. माझी भीती वेगळी आहे. फोन उत्तर इतक्या चटकन देतो की अडून बसायची माणसाची सवयच जाते. आणि अडलेला माणूस समोर दिसेनासा झाला, की शिकवणाऱ्याची थांबायची सवय जाते. माझी आठ दिवसांत गेली. चौतीस वर्षांची होती.

परवा धीर करून पुन्हा कॉटन मार्केटात गेलो. संत्रेवालीला म्हणालो, "बाई, मी त्या दिवशी खोटं बोललो. मी गणिताचा मास्तर होतो."

तिने मला आपादमस्तक पाहिले. "मंग सांगा," ती म्हणाली, "साडेतीन डझन, नव्वदनं?"

औटकी! वडिलांचे डोळे समोर आले. हात खिशाकडे निघाला, त्याला मी वाटेत धरला. मागे दोन गिऱ्हाइके खोळंबली. "काय राजेहो, घेता का जाता?" एक जण म्हणाला. बाईने त्याला हातानेच गप्प केले. "थांब नं भाऊ, काकाजी हिशेब करून राहिले."

तीन नव्वद दोनशे सत्तर. वर पंचेचाळीस. "तीनशे पंधरा!" मी ओरडलोच.

"बरोबर," ती म्हणाली, आणि साडेतीन डझन संत्री मोजून माझ्या पिशवीत टाकली.

मी फक्त हिशेबाचे उत्तर दिले होते, हे तिला सांगायचे राहून गेले. गेले तीन दिवस आमच्या घरी सकाळी, दुपारी आणि रात्री संत्री आहेत. सौभाग्यवती विचारतात, दोन माणसांना रोज किती पडतात? मी कपाळाला आठी घालून बसलो आहे. त्या थांबल्या आहेत.