न जाण्याचा धर्म

अंदमानला गेलेला मराठी माणूस आधी सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडतो आणि मग समुद्राकडे वळतो. स्वराज द्वीपावरच्या (पूर्वीचं हॅवलॉक) राधानगर किनाऱ्यावर गर्दी वाटली, की याहून शांत जागा कुठे आहे, अशी विचारपूस सुरू होते. लाँग आयलंडची लालाजी बे आहे. पार उत्तरेला दिगलीपूरजवळ रॉस आणि स्मिथ ही जोडबेटं आहेत. ओहोटीला त्यांच्यामधला वाळूचा पांढरा दांडा उघडा पडतो आणि या बेटावरून त्या बेटावर चालत जाता येतं. सकाळच्या पहिल्या होडीनं पोचलेल्याला तिथे खेकड्यांनी वाळूवर काढलेली नक्षी तेवढी दिसते.

ही ओढ खोटी नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना एकांतवासाची आवड मोजली आहे. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जात, समर्थ शिवथरच्या घळीत राहिले. एकांताचं मोल मराठी वाचकाला कुणी पटवून द्यायला नको. पण त्या ओढीमुळे प्रत्येक निर्जन पुळणीवर पाऊल टाकायचा हक्क मिळतो का?

पोर्ट ब्लेअरच्या पश्चिमेला सुमारे ५० किलोमीटरवर नॉर्थ सेंटिनल बेट आहे. भोवती प्रवाळाची रांग, आत दाट जंगल. दुरून निर्जन दिसणाऱ्या या बेटावर सेंटिनली लोक राहतात आणि त्यांना कुणी यायला नको आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन ॲलन चाऊ हा २६ वर्षांचा अमेरिकन तरुण मच्छिमारांना २५ हजार रुपये देऊन तिथे पोचला. येशूचं नाव कानावर न पडलेल्या माणसांना तारायचं, हा त्याचा ध्यास. एक बाण त्याच्या हातातल्या बायबलमध्ये घुसला, तरीही तो पुन्हा गेला. तिथेच तो मारला गेला. त्याचा मृतदेह आजही बेटावरच आहे.

त्याला वेडा ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. जे आपल्याला सर्वांत मोलाचं वाटतं ते दुसऱ्यालाही मिळावं, ही भावना प्रत्येक धर्मात आहे. ज्ञान लपवून ठेवणं आपल्याकडेही पापच मानलं जातं. मात्र देणारा जेवढा आतुर, तेवढंच घेणाऱ्याच्या नकाराकडे त्याचं दुर्लक्ष होण्याची भीती. १८८० मध्ये मॉरिस पोर्टमन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या बेटावरून एक म्हातारं जोडपं आणि चार मुलं पकडून पोर्ट ब्लेअरला नेली. सगळे आजारी पडले, म्हातारा-म्हातारी दगावली आणि मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडण्यात आलं. ती मुलं सोबत कोणते रोग घेऊन गेली असतील, याचा विचारही अस्वस्थ करतो. ग्रेट अंदमानी लोक एके काळी हजारोंच्या संख्येनं होते. वसाहतीनंतर गोवर, उपदंश अशा रोगांनी ते झपाट्यानं संपत गेले आणि आज जेमतेम पन्नासएक उरले आहेत.

नकार नेहमी बाणानंच येतो असंही नाही. ४ जानेवारी १९९१ रोजी मानववंशशास्त्रज्ञ मधुमाला चट्टोपाध्याय यांच्या पथकानं नॉर्थ सेंटिनलजवळ होडीतून नारळ पाण्यात सोडले. बेटावर नारळ होत नाही. माणसं पाण्यात उतरून ते गोळा करू लागली. काठावरच्या एका तरुणानं धनुष्य ताणलं, तेव्हा शेजारच्या बाईनं त्याला ढकललं आणि बाण पाण्यात पडला. त्या एका धक्क्यात केवढा विवेक आहे! कुणाला जवळ येऊ द्यायचं आणि कुठवर, हे ती माणसं स्वतः ठरवत होती. पुढे सरकारनं नारळ वाटपाच्या या फेऱ्याच थांबवल्या. दुरून लक्ष ठेवायचं, बेटावर उतरायचं नाही, हे धोरण आलं. साथ आली, दुष्काळ पडला तर काय, ही शंका रास्त आहे. पण २००४ च्या त्सुनामीनंतर पाहणीला गेलेल्या हेलिकॉप्टरवर बेटावरच्या माणसानं धनुष्य रोखलं होतं. मदतीची हाक तिकडून यायला हवी.

पतंजलीनं यमांमध्ये अस्तेय आणि अपरिग्रह सांगितले. जैन मुनींच्या पाच महाव्रतांतही ते आहेत. आपण परिग्रह म्हटलं की पैसा, जमीन, दागिने धरतो. अनुभवाचाही परिग्रह होतो. मार्च २०२५ मध्ये आणखी एक अमेरिकन याच बेटावर उतरला. त्याच्याकडे धर्मसंदेश नव्हता. वाळूवर एक नारळ आणि शीतपेयाचा डबा ठेवून तो परतला आणि पकडला गेला. चाऊनं निदान आपला जीव पणाला लावला होता. या दुसऱ्यानं एका चित्तथरारक क्षणासाठी अख्ख्या जमातीचा जीव पणाला लावला. त्याचा अपराध अधिक मोठा मानायला हवा.

तेव्हा अंदमानला जरूर जावं, रॉस-स्मिथचा वाळूचा दांडा परवाना काढून डोळे भरून पाहावा. मात्र नॉर्थ सेंटिनलभोवतीच्या पाच सागरी मैलांत जायला मनाई आहे. पैसे घेऊन ‘लांबूनच दाखवतो’ म्हणणारा कुणी भेटला, तर त्याच्या होडीत बसू नये आणि पोलिसांना कळवावं.