शून्यबिंदू कोणाचा?

पंचांगात गणित कोठे संपते आणि श्रद्धा कोठे सुरू होते, या प्रश्नाला रत्नागिरीत व्यवहाराची धार आहे. येथे जन्मलेल्या लोकमान्य टिळकांच्या नावाचे पंचांग पाळणारी घरे कोकणात आजही आहेत. त्यांची मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. अधिकमास वेगळा पडला, तर गणपतीही महिनाभर आधी बसतात.

पृथ्वीचा प्रदक्षिणाकाळ हा वादाचा विषय नाही. सूर्यसिद्धांत या जुन्या ग्रंथातले वर्ष खऱ्या नाक्षत्र वर्षाहून सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. चारेकशे वर्षांत ही चूक एका दिवसाची होते आणि वेधाने पकडता येते. गुरुत्वाकर्षणाचा नियम पुढे जातो. १५ कोटी किलोमीटर अंतर आणि ३६५.२५६ दिवसांचा काळ, एवढ्यावरून पृथ्वीचा वेग सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर निघतो. गुरुत्वस्थिरांक ठाऊक असेल, तर सूर्याचे वस्तुमानही, दोनावर तीस शून्ये इतके किलोग्रॅम. सूर्य कोणी तराजूत घातलेला नाही. धुरावरून अग्नी ओळखावा, तसे न्यायशास्त्रातले हे अनुमानच.

मात्र राशिचक्र कोठून मोजायचे, हे कोणतेही बल सांगत नाही. टिळकपक्ष रेवती नक्षत्राची योगतारा (मुख्य तारा) धरतो, बहुसंख्य पंचांगे चित्रा ताऱ्यासमोरचा बिंदू. दोहोंत सुमारे चार अंश, म्हणजे सूर्याची चार दिवसांची चाल. ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. ते तर सायनवादी, त्यांना आरंभ वसंतसंपातापासूनच हवा. आरंभ ठरला की गणित संक्रांतीची वेळ मिनिटापर्यंत सांगते. तो ठरवायचा प्रश्न शब्दप्रमाणाकडे, म्हणजे शास्त्रवचनांकडे जातो, आणि तिथे तिन्ही पक्ष आपापले आधार पुढे करतात.