चोवीस महिन्यांचं निमित्त

घटस्फोट परस्परसंमतीने झाला, फ्लॅट तेवढा उरला. पुण्यातला, दोघांच्या नावावरचा, सत्तर लाखांना घेतलेला. आता ब्याऐंशी लाखांचं गिऱ्हाईक आलं आहे. माझ्या माजी नवऱ्याला तो विकून मोकळं व्हायचंय. मी म्हणते, अजून चार महिने थांबू, 24 महिने पूर्ण होऊ देत.

म्हणणं कायद्याला धरून आहे. 24 महिन्यांच्या आत विकलं तर नफा उत्पन्नात मिळवला जातो आणि स्लॅबप्रमाणे कर बसतो. आम्हा दोघांनाही 30 टक्के. नंतर विकलं तर 12.5 टक्के. नफा दुसऱ्या घरात गुंतवून कर वाचवायची सवलतही दीर्घ मुदतीच्या नफ्यालाच मिळते, पण दुसरं घर घ्यायची माझी सध्या ऐपत नाही. प्राप्तिकराच्या 'ऐंशी सी'खाली गृहकर्जाच्या मुद्दलावर घेतलेली वजावट तर आत्ता विकलं काय, चार महिन्यांनी विकलं काय, उत्पन्नात परत धरली जाणारच. ती टिकवायची तर ताबा मिळालेलं आर्थिक वर्ष संपल्यावर पाच वर्षं घर विकायचं नसतं.

मग हिशेब मांडला. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली वजा जाता नफा सहा लाखांच्या आसपास, माझ्या वाट्याचा तीन. आत्ता विकलं तर सेससकट कर सुमारे 94 हजार, थांबले तर 39 हजार. वाचतात 55 हजार. कर्जाचं व्याज मात्र महिन्याला पस्तीस हजार आहे. चार महिन्यांचं माझ्या निम्म्या वाट्याला सत्तर हजार येतं. म्हणजे थांबण्यात तोटाच आहे.

तरी मी अडून का बसले आहे?

उत्तर मला माहीत आहे, लिहायला जड जातंय. माझ्या सहीशिवाय घर विकलं जात नाही. तोवर त्याला मला विचारावं लागतं, फोन करावा लागतो. कर वाचवण्याच्या शहाणपणाआड मी हा हक्क धरून ठेवते आहे. राग अजून गेलेला नाही, आणि रागाला मी सीएची भाषा दिली आहे.

एजंटने दहा लाख रोख घेऊन कागदावर बहात्तर दाखवायचं सुचवलं, तेव्हा मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. त्याचं समाधान वाटलं, आजही वाटतं. पण सरकारशी खरं वागणं मला सोपं गेलं. ज्याच्याबरोबर संसार केला त्याच्याशी खरं वागायला हा हिशेब मांडावा लागला. त्यालाही नवं घर बघायचं आहे, त्याच्याही पगारातून निम्मा हप्ता जातो. माझ्या रागाचं व्याज त्याने का भरावं?

गिऱ्हाइकाला होकार कळवायला मी त्याला सांगितलं आहे. ब्याऐंशी लाख कागदावर येतील, बँकेचं कर्ज आधी फिटेल, उरेल ते निम्मं निम्मं. माझ्या वाट्याचे 94 हजार मी भरीन.